काट्यावरच्या पीसीवर सॉफ्टवेअर चालंना? इन्स्टॉलरमधल्या खासगी पायथनच्या नेहमीच्या तक्रारी आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर किंवा शिरोलीतल्या फाउंड्रीच्या लॅबमध्ये तेच इन्स्टॉल केलं की आयकॉनवर डबल क्लिक केल्यावर काळी खिडकी क्षणभर चमकते आणि जाते. कधी तीही दिसत नाही. फोनवर ‘साहेब, उघडंना झालंय’ एवढंच कळतं. गळीत हंगामात काट्यापुढं ट्रॅक्टरची रांग लागली की मग निदान करायला कुणालाच सवड नसते, म्हणून लोक सरळ त्या पीसीवर पूर्ण पायथन इन्स्टॉल करून मोकळे होतात. पुढच्या अपडेटला तीच तक्रार परत येते.

खासगी पायथन म्हणजे सॉफ्टवेअरनं इन्स्टॉलरमधून सोबत आणलेला, फक्त त्याच्यापुरता पायथनचा रनटाइम (कोड चालवणारा भाग). इथं गृहीत धरलंय ते असं: विंडोज, पायथनच्या अधिकृत साइटवरचं ‘एम्बेडेबल पॅकेज’, आणि इन्स्टॉलर इनो सेटअपचा (इन्स्टॉलर बनवायचं साधन). उदाहरणं पायथन ३.१२ ची आहेत. एम्बेडेबल पॅकेज ३.५ पासून मिळतं. सुमारे १० एमबीच्या झिपमध्ये पायथन.ईएक्सई, मुख्य डीएलएल, आणि स्टँडर्ड लायब्ररीची वेगळी झिप असते. पिप (पॅकेजेस उतरवणारं साधन), टीके-इंटर (खिडक्या-बटणांची लायब्ररी) आणि व्हेन्व्ह (प्रकल्पापुरतं पायथनचं वेगळं फोल्डर बनवणारं साधन) त्यात नसतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवण्यासाठीच ते बनवलेलं आहे. रनटाइम खासगी ठेवायचा तर त्यानं यजमान पीसीवरचं काही वापरायचं नाही आणि त्यावर काही सोडायचं नाही. शिदोरी घेऊन निघालेल्या माणसानं वाटेत कुणाच्या चुलीवर अवलंबून राहू नये, तसं. खालच्या जवळपास सगळ्या अडचणी हा नियम कुठंतरी मोडल्यामुळेच येतात.

आधी चूक वाचा

आयकॉन सोडा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमधल्या पायथन.ईएक्सईचा पूर्ण मार्ग अवतरणचिन्हांत लिहा आणि पुढं मुख्य स्क्रिप्टचं नाव द्या. पायथनडब्ल्यू (काळी खिडकी न उघडणारं पायथन) वापरू नका, कारण ते चूक दाखवतच नाही. खिडकी लगेच बंद होत नाही, त्यामुळं शेवटची ओळ वाचता येते. बहुतेक निदान त्या एका ओळीवर होतं.

स्क्रिप्टपर्यंतही पोचत नसेल तर त्याच पायथनला ‘-सी’ देऊन चार गोष्टी छापून घ्या: सिस.एक्झिक्युटेबल, सिस.व्हर्जन, सिस.पाथ आणि सिस.फ्लॅग्ज. एक्झिक्युटेबल आणि पाथ या दोन्हींत तुमच्या फोल्डरबाहेरचा एकही मार्ग दिसता कामा नये. फ्लॅग्जमध्ये ‘आयसोलेटेड’ची किंमत १ हवी. ती ० असेल तर रनटाइम अजून खासगी झालेलाच नाही, पुढचं वाचायच्या आधी ते दुरुस्त करा.

फोल्डर उचलून दिलेलं व्हेन्व्ह

चुकीत ‘नो पायथन ॲट’ असं येऊन पुढं डेव्हलपरच्या पीसीवरचा मार्ग दिसत असेल तर इन्स्टॉलरमध्ये व्हेन्व्हचं फोल्डर भरलेलं आहे. व्हेन्व्ह म्हणजे स्वतंत्र पायथन नव्हे. त्यातल्या पायव्हेन्व्ह.सीएफजी या फाईलमध्ये ‘होम’ नावाची ओळ असते आणि ती मूळ पायथनचा पूर्ण मार्ग सांगते. तो मार्ग गिऱ्हाईकाच्या पीसीवर नसतो. ती ओळ इन्स्टॉलरमधून बदलून घेणारे लोक आहेत. ते करू नये, मूळ पायथन तरीही लागतंच.

‘फेटल एरर इन लाँचर’ ही याचीच धाकटी बहीण. स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या छोट्या ईएक्सईंच्या आत बिल्ड मशीनवरचा (जिथं इन्स्टॉलर तयार होतो त्या पीसीवरचा) पायथनचा मार्ग कोरलेला असतो. त्या ईएक्सई इन्स्टॉलरमध्ये घेऊच नका, मॉड्यूल ‘-एम’ देऊन चालवा.

पीटीएच फाईल

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. एम्बेडेबल पॅकेजमध्ये ‘पायथन३१२._पीटीएच’ नावाची चार-पाच ओळींची फाईल असते. ती हजर असली की पायथन आपोआप आयसोलेटेड मोडमध्ये जातं: रजिस्ट्री वाचत नाही, पायथनपाथ आणि पायथनहोम ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बघत नाही, सिस.पाथमध्ये फक्त फाईलमधल्या ओळी घेतं. म्हणूनच ती पुसायची नाही. काही जण ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून ती उडवतात. ऑफिसात मग सगळं चालतं आणि फाउंड्रीतल्या ज्या पीसीवर दुसऱ्या कुठल्या यंत्राच्या सॉफ्टवेअरनं पायथनहोम लावून ठेवलंय, तिथं ‘नो मॉड्यूल नेम्ड एन्कोडिंग्ज’ म्हणून पायथन सुरूच होत नाही. ‘एसआरई मॉड्यूल मिसमॅच’ आलं तरी तेच समजा: लायब्ररी एका पायथनची, डीएलएल दुसऱ्याची.

मग आपलं मॉड्यूल का सापडत नाही? साध्या पायथनमध्ये स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर सिस.पाथमध्ये आपोआप पहिलं येतं. आयसोलेटेड मोडमध्ये ते येत नाही. मेन.पीवायच्या शेजारीच ठेवलेलं पावती.पीवाय त्यामुळं अदृश्य होतं. फोल्डरची मांडणी अशी ठेवा: ‘आरटी’मध्ये रनटाइम, ‘लिब’मध्ये बाहेरची पॅकेजेस, ‘ॲप’मध्ये आपला कोड. पीटीएच फाईल अशी:

पायथन३१२.झिप
.
..\लिब
..\ॲप

मार्ग त्या फाईलच्या जागेपासून मोजले जातात, त्यामुळं सी ड्राइव्ह असो की डी, फरक पडत नाही. फाईल बीओएमशिवाय, म्हणजे सुरुवातीच्या अदृश्य खुणेशिवाय, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. जुनं नोटपॅड बीओएम चिकटवतं, म्हणून ही फाईल बिल्ड स्क्रिप्टनंच लिहिलेली बरी.

मूळ फाईलमध्ये ‘इम्पोर्ट साइट’ ही ओळ कॉमेंट केलेली असते. ती बंद असली की पॅकेजेसमधल्या .पीटीएच फाईली वाचल्या जात नाहीत. ठिपक्यावाली पीटीएच वेगळी आणि अंडरस्कोअरवाली वेगळी, हा घोळ नावापासूनच आहे. विंडोजच्या सोयी वापरू देणारं पायविन३२ हे पॅकेज नेमकं या .पीटीएच फाईलवर उभं असतं. एक्सेल किंवा प्रिंटरसाठी ते वापरत असाल तर एक तर ‘इम्पोर्ट साइट’ उघडा आणि पॅकेजेस ‘आरटी’खालच्या लिब\साइट-पॅकेजेसमध्ये ठेवा, नाहीतर आपल्या फाईलमध्ये ..\लिब\विन३२ आणि ..\लिब\विन३२\लिब या ओळी घाला, आणि पायविनटाइप्स३१२.डीएलएल ज्या फोल्डरमध्ये आहे ते मेन.पीवायच्या सुरुवातीलाच ओएस.ॲड_डीएलएल_डिरेक्टरीनं जोडा. दुसरा मार्ग जास्त कटकटीचा आहे, पण काय कुठून येतंय ते स्वच्छ दिसतं.

पायथन.ईएक्सईचं नाव बदलून ‘काटा.ईएक्सई’ केलं तरी हरकत नाही. पायथन३१२.डीएलएलच्या नावाची पीटीएच फाईल शेजारी असेल तर तीच आधी धरली जाते.

पॅकेजेस गिऱ्हाईकाच्या पीसीवर पिपनं उतरवायची नाहीत. काट्यावरच्या पीसीला बऱ्याचदा इंटरनेट नसतं, आणि असलं तरी पुढच्या महिन्यात वेगळी आवृत्ती उतरेल. बिल्ड मशीनवरच पिपला ‘--टार्गेट’ देऊन ‘लिब’ फोल्डर भरा. सोबत ‘--ओन्ली-बायनरी’, पायथनची आवृत्ती आणि प्लॅटफॉर्म द्या. नाहीतर बिल्ड मशीनवर ३.१३ असेल तर त्याचीच व्हील (तयार पॅकेजची फाईल) उतरते आणि ३.१२ ला ती वाचता येत नाही.

३२ की ६४?

तीन संदेश वेगळे ओळखायला शिका. चूक १९३, म्हणजे ‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’, आली तर ६४-बिट पायथन ३२-बिट डीएलएल उघडतंय किंवा उलटं. ०xसी००००००७बी याचाही अर्थ बहुतेक वेळा तोच, फक्त तो प्रोग्रॅम सुरू होतानाच येतो. ‘डीएलएल लोड फेल्ड... द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’ ही चूक १२६. इथं जिचं नाव दिसतंय ती फाईल बहुधा असतेच, तिला लागणारी दुसरी डीएलएल नसते. लोक दिसलेल्या नावाची फाईल चारदा कॉपी करत बसतात.

ती दुसरी डीएलएल शोधायला सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर लावा, मार्ग ‘.डीएलएल’नं संपणाऱ्या आणि निकाल ‘नेम नॉट फाउंड’ असलेल्या ओळी गाळून घ्या, शेवटच्या काही ओळी वाचा. नेहमीची आरोपी एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल असते. एम्बेडेबल पॅकेजमध्ये व्हीसीरनटाइम१४० येते, पण सी++ मधल्या पॅकेजेसना लागणारी एमएसव्हीसीपी१४० येत नाही. डेव्हलपरच्या पीसीवर व्हिज्युअल स्टुडिओमुळं ती आधीच असते, त्यामुळं ऑफिसात हा दोष कधीच दिसत नाही. इन्स्टॉलरमध्ये व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल घाला आणि गुपचूप चालवा. पाथ व्हेरिएबलमध्ये डीएलएलचं फोल्डर टाकून काही होत नाही, ३.८ पासून पायथन एक्स्टेन्शनच्या डीएलएल शोधताना पाथ बघतच नाही.

आता एक निर्णय जो आधीच घ्यावा लागतो. आपल्या भागात कारखाने, पतसंस्था, गुळाचे अडत दुकानदार यांच्याकडं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या डीबीएफ फाईली अजून जिवंत आहेत. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा ओडीबीसी ड्रायव्हर आणि ओएलईडीबी प्रोव्हायडर दोन्ही फक्त ३२-बिट आहेत. ६४-बिट रनटाइममधून ते दिसणार नाहीत, कितीही वेळा इन्स्टॉल करा. डीबीएफ त्या ड्रायव्हरमधूनच वाचायची असेल तर रनटाइम ३२-बिटच घ्या, पिपचा प्लॅटफॉर्मही ‘विन३२’ द्या. ड्रायव्हर तपासताना एक उलटी गंमत लक्षात ठेवा: ३२-बिट ओडीबीसीची खिडकी सिसवाऊ६४ फोल्डरमध्ये आहे आणि ६४-बिटची सिस्टम३२ मध्ये, आणि दोन्हींचं फाईलनाव एकच, ओडीबीसीएडी३२.ईएक्सई. रनटाइम किती बिटचा आहे हे नावावरून ओळखू नका, स्ट्रक्ट.कॅल्कसाइजला ‘पी’ द्या, ४ आलं तर ३२-बिट, ८ आलं तर ६४.

विंडोज ७ वरचे पीसी

स्पेक्ट्रोमीटरला किंवा जुन्या काटा इंडिकेटरला जोडलेला पीसी बदलायला कुणी तयार नसतं, हे मान्य करून चालू. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका पायथन ३.८. त्या मालिकेचे सोर्स ३.८.२० पर्यंत आले, पण विंडोजसाठी तयार बायनरी ३.८.१० पर्यंतच आहेत, म्हणून एम्बेडेबल झिप तीच घ्यावी लागते. ३.९ किंवा पुढचं टाकलं तर ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’नं सुरू होणारी डीएलएल नाही म्हणून संदेश येतो. ती डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकण्याचे सल्ले मिळतात. टाकू नका.

नावात ‘सीआरटी’ असलेली डीएलएल मागितली तर गोष्ट वेगळी: युनिव्हर्सल सी रनटाइम नाही. तो विंडोज १० पासून आत असतो. ७ वर केबी२९९९२२६ हे अपडेट लागतं. ३.८ ला त्याशिवाय केबी२५३३६२३ किंवा ते सामावून घेणारं नंतरचं अपडेट लागतं, नाहीतर एक्स्टेन्शन उघडताना ‘द पॅरामीटर इज इनकरेक्ट’ अशी काहीच न सांगणारी चूक येते. सर्व्हिस पॅक १ आधी हवा. ३.८ चा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला आहे, तेव्हा अशा पीसीला इंटरनेटपासून तोडलेलंच ठेवा, आणि गिऱ्हाईकाला तसं लेखी द्या.

३.१३ ला किमान विंडोज १० लागतं. ३.१२ ची तयार बायनरी ३.१२.१० ला थांबली आहे, त्यापुढं फक्त सोर्स.

अपडेटनंतर बिघडलं

नवीन पीसीवर चालतं, जुन्यावर अपडेट केलं की नाही, अशी तक्रार असेल तर मागे काय उरलंय ते बघा. त्याच फोल्डरवर ३.१० वरून ३.१२ चढवलं की जुनी झिप, जुनी पीटीएच आणि ‘लिब’मधल्या आता वगळलेल्या फाईली तिथंच राहतात. इनो सेटअप स्वतःहून त्या पुसत नाही.

याहून लपलेला दोष आवृत्तीच्या तुलनेचा. इनो सेटअप मुळात आवृत्तीचा शिक्का असलेली फाईल आधीची तेवढीच किंवा जास्त नवी असेल तर बदलत नाही. पायथनच्या डीएलएल आणि पीवायडी फाईलींवर असा शिक्का असतो, झिपवर नसतो. ३.१२.१० नंतर काही कारणानं ३.१२.८ वर परत यायचं ठरलं, तर झिप मागं जाते आणि डीएलएल पुढंच राहते. रनटाइमच्या सगळ्या फाईलींना ‘इग्नोरव्हर्जन’ फ्लॅग लावा. तिसरा प्रकार माणसाचा: अपडेट चालू असताना पायथनडब्ल्यू मागं चालूच असतं, फाईल अडकलेली आहे असं इन्स्टॉलर सांगतो, आणि ऑपरेटर ‘दुर्लक्ष करा’ दाबतो. अर्धा रनटाइम नवा, अर्धा जुना.

तिन्हींवर एकच चांगला उपाय आहे. फोल्डरच्या नावात आवृत्ती घाला, ‘आरटी-३१२१०’ असं. नवा रनटाइम नव्या फोल्डरमध्ये जातो, शॉर्टकट तिकडं वळतो, जुनं फोल्डर ‘इन्स्टॉलडिलीट’ विभागात नोंदवून काढून टाका. ‘लिब’लाही तेच करा. काही एमबी जास्त लिहावे लागतात, एवढंच.

उघडायला वेळ लागतो

सॉफ्टवेअर चालतं पण दर वेळी उघडायला उशीर. अँटिव्हायरसवर खापर फोडायच्या आधी ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ लावून कुठलं मॉड्यूल किती वेळ घेतं ते बघा. वेळ तुमच्याच मॉड्यूल्समध्ये आणि ‘लिब’मध्ये विखुरलेला असेल तर पीवायसी फाईली वाया जात आहेत.

पायथन .पीवाय फाईलचं संकलन करून पीवायसी ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच वापरतं, पण आधी मूळ फाईलची वेळ आणि आकार पीवायसीमधल्या नोंदीशी जुळतात का ते बघतं. जुळलं नाही तर पुन्हा संकलन. प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही, म्हणून नवी पीवायसी साठवली जात नाही, आणि हे दर वेळी होतं. चूक म्हणून काहीही दिसत नाही.

वेळ का जुळत नाही याची दोन कारणं इनो सेटअपमध्येच आहेत. ‘टाइमस्टॅम्पराउंडिंग’ बऱ्याच आवृत्त्यांत मुळात २ असतं, म्हणजे फाईलची वेळ खालच्या सम सेकंदावर आणली जाते. विषम सेकंदाला सेव्ह झालेल्या साधारण निम्म्या फाईलींच्या पीवायसी तिथंच बाद. दुसरं, ‘टाइमस्टॅम्प्सइनयूटीसी’ मुळात ‘नो’ असतं, म्हणजे घड्याळात दिसणारी स्थानिक वेळ जशीच्या तशी ठेवली जाते. बिल्ड क्लाउडवरच्या यूटीसी मशीनवर झाला आणि इन्स्टॉल कागलला, तर साडेपाच तासांचा फरक पडून सगळ्याच पीवायसी बाद होतात.

या दोन सेटिंग्ज बदलता येतात, पण मुळावर घाव घालायचा तर बिल्डमध्ये त्याच ३.१२ नं कम्पाइलऑल चालवा आणि ‘--इनव्हॅलिडेशन-मोड अनचेक्ड-हॅश’ द्या. ही सोय ३.७ पासून आहे. मग पायथन वेळ तपासतच नाही. पीवायसी ठेवलेली पायकॅश फोल्डरं इन्स्टॉलरच्या वगळायच्या यादीत नाहीत ना, हे बघून घ्या. याची एक किंमत आहे: कुणी रिमोटवरून एखादी .पीवाय फाईल हातानं बदलली तर काहीच बदलत नाही, कारण जुनी पीवायसीच चालते. हातानं पॅच करायची सवय असलेल्या टीमनं पीवायसीही सोबत बदलावी. खरं तर ती सवयच सोडावी.

शॉर्टकटवरून चालत नाही, कमांडवरून चालतं

पायथनडब्ल्यूमध्ये सिस.एसटीडीआउट ‘नन’ असतं. साधा प्रिंट त्यावर गप्प बसतो, पण एखादं पॅकेज थेट ‘राइट’ करायला गेलं की ॲट्रिब्यूटएरर येऊन प्रोग्रॅम मरतो आणि कुणाला दिसत नाही. मेन.पीवायच्या पहिल्या ओळींत दोन्ही आउटपुट लॉग फाईलकडं वळवा. शॉर्टकटला ‘वर्किंगडिर’ द्या, आणि कोडमधल्या फाईलींचे मार्ग चालू फोल्डरऐवजी स्क्रिप्टच्या जागेवरून काढा. कोडमधून दुसरी स्क्रिप्ट चालवताना नुसतं ‘पायथन’ लिहू नका. विंडोज १० आणि ११ वर त्या नावाची शून्य बाइटची फाईल मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. सिस.एक्झिक्युटेबल वापरा. आणि आपला रनटाइम पाथमध्ये घालू नका, दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बिघडेल.

पावतीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत आलं की ‘चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड’ म्हणून थांबतं, ही तक्रार इकडं हमखास. भारतीय इंग्रजी विंडोजचं जुनं कोडपेज १२५२ आहे आणि ३.१२ मध्ये फाईल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर तेच घेतलं जातं. पायथनयूटीएफ८ व्हेरिएबलवर विसंबू नका. शॉर्टकटच्या आज्ञेतच ‘-एक्स यूटीएफ८’ घाला. जुन्या डीबीएफमधला मजकूर मुळात युनिकोडऐवजी श्रीलिपीसारख्या फॉन्टचा असेल तर मात्र रनटाइमचा दोष नाही, कन्व्हर्टर लागेल.

‘परमिशन एरर १३’ किंवा एसक्यूलाइटचं ‘अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस’ आलं तर डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवलाय. ‘रन ॲज ॲडमिन’ हा उपाय नव्हे. डेटा प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये न्या आणि इनोच्या ‘डिर्स’ विभागात त्या फोल्डरला ‘युजर्स-मॉडिफाय’ परवानगी द्या. कॉम३ वर ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसलं तर परवानग्यांत शिरू नका. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची आधीची प्रत मागं चालू राहून पोर्ट धरून बसलेली असते, टास्क मॅनेजरमध्ये बघा.

पाठवण्याआधी

विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा. होममध्ये ते नाही, तिथं व्हर्च्युअल मशीन. त्यात पायथन, व्हिज्युअल स्टुडिओ, काहीच नसतं, म्हणून ते काट्यावरच्या पीसीच्या जवळचं आहे. नेटवर्क तोडून इन्स्टॉल करा. मग मुद्दाम खोडी काढा: सिस्टम एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथनहोमला भलताच मार्ग द्या, साध्या युजरच्या हक्कानं चालवा, युजरचं नाव देवनागरीत ठेवा, शॉर्टकटवरून उघडा, मराठी नावाची एक पावती छापा. मागची आवृत्ती आधी टाकून तिच्यावर अपडेट करूनही हेच सगळं परत. शेवटी अनइन्स्टॉल करून फोल्डर उघडा. पायकॅशची रिकामी न झालेली फोल्डरं उरली असतील तर इन्स्टॉलनंतरच्या ‘आत्ताच चालवा’ टिकमुळं सॉफ्टवेअर बहुधा एकदा ॲडमिनच्या हक्कानं चाललं आहे. त्या ओळीवर ‘रनॲजकरंटयुजर’ फ्लॅग असेल तर काढा आणि उरलेल्यांसाठी ‘अनइन्स्टॉलडिलीट’मध्ये नोंद करा. डेटाचं फोल्डर मात्र त्या नोंदीत चुकूनही येता कामा नये.